ढोल वाजवणारा गडी

भाचीच्या लग्नाची बोलणी जरा निवांतपणे व्हावीत या सद्हेतूने आम्ही पुण्यातील ज्या नूतन उपाहारगृहात गेलो, त्याच्या मालकाने निवांतपणाचा बंदोबस्त करण्यात तिळमात्र कसूर ठेवली नव्हती : खाली गुळगुळीत फरशी, भोवती काचा, वर उघडे सिमेंट आणि या सर्वांवर कडी म्हणून छताला टांगलेले दोन कर्णे. हार्वर्डच्या सॅबिन नामक प्राध्यापकाने 1895 च्या सुमारास एका व्याख्यानगृहातील घुमारा मोजण्यासाठी सँडर्स थिएटरातल्या गाद्या वाहून आणल्या आणि आवाज गादीत मुरतो हे सप्रमाण दाखवले. आमच्या मालकाला गादी ठाऊक होती ती फक्त गल्ल्यामागची, स्वतःची.

पूर्वी उपाहारगृहांत गोंगाट नव्हता असे नाही. परंतु गिऱ्हाईक उठताच गल्ल्याच्या दिशेने "टोपीवाले, बारा आणे!" अशी जी ललकारी उठे, तिला एक दफ्तरी शिस्त होती, येणे किती हे साऱ्या दालनाला कळे आणि उधारीची वासना जागीच विरून जाई. इथे गाण्यावर ताण म्हणून शेजारचे ओरडत, शेजाऱ्यांवर ताण म्हणून आम्ही. गोंगाटात माणसाचा आवाज नकळत चढतो हे लोंबार या फ्रेंच वैद्याने 1911 साली सांगून ठेवले आहे. ऐकू मात्र कोणाला काही येत नव्हते.

"मुलगी गाते का?" वरपित्याने विचारले.

"पोटभर! वर ताकही पिते," मी ओरडलो.

वरपिता विचारमग्न झाला. तेव्हा आमचे थोरले चुलते नाना, ज्यांच्याशी गेली पंधरा वर्षे आम्ही खाणाखुणांनी बोलतो, शांतपणे म्हणाले, "अरे, गाते का विचारताहेत ते."

विलिस या इंग्रज वैद्याने 1672 मध्ये एका बहिऱ्या बाईची हकीकत नोंदली आहे. ढोल वाजत असेल तेवढ्यापुरतेच तिला ऐकू येई, म्हणून तिच्या यजमानांनी ढोल वाजवणारा गडीच पगारावर ठेवला (आणि तोही पत्नीशी बोलता यावे म्हणून, हे विशेष). कारण साधे आहे : गोंगाट बहिऱ्याच्या कानापर्यंत पोचत नाही, पण त्यापायी चढलेला इतरांचा स्वर तेवढा पोचतो.

पुढील बोलणी, देण्याघेण्याच्या कलमांसकट, नानांनी एकट्याने पार पाडली. निघताना त्यांनी पोऱ्याला जवळ बोलावले, त्याच्या हातावर बक्षिसी ठेवली आणि गाणे किंचित मोठे करण्यास फर्मावले.