पटकथेवर व्यावसायिक अभिप्राय कसा मिळवावा : नागपूरकरांसाठी मार्गदर्शन

पहिली अट, पटकथा लिहून झालेली असावी. ही अट काहींना जाचक वाटेल याची प्रस्तुत मार्गदर्शकाला कल्पना आहे. 'आपल्याकडे एक स्क्रिप्ट आहे' असं धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत रोज कुणी ना कुणी सांगत असतो. नीट चौकशी केली तर त्याच्याकडे चित्रपटाचं नाव असतं, नायक कोण हे ठरलेलं असतं, शेवटचा सीन तर अंगावर काटा आणणारा असतो. मधली पानं तेवढी कागदावर उतरायची असतात. या अवस्थेत अभिप्राय मागितला तर तो हमखास चांगला मिळतो. न लिहिलेल्या पानांत खोट काढणार तरी कोण? एवढ्यावर समाधान असेल तर पुढचं मार्गदर्शन वाचायची गरज नाही.

लिहून झाली असल्यास पानं मोजावीत. पटकथेच्या रूढ मांडणीत एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब जगभर चालतो. दोन तासांच्या चित्रपटाला 120 पानं झाली. आपली 260 भरत असतील तर 'कथेचा आवाकाच मोठा आहे' असं म्हणावं आणि अक्षर बारीक करावं. ही लबाडी वाचणाऱ्याच्या दुसऱ्या पानावर लक्षात येते, पण तोवर त्याने पहिलं वाचलेलं असतं, हाही नफाच.

फॉन्टकडे मात्र विशेष लक्ष द्यावं. युनिकोडच्या आधीच्या एखाद्या फॉन्टात टाइप केलेली संहिता दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी कंस, टक्के आणि रोमन लिपीचा खच पडतो. मुंबईतला वाचक सज्जन असेल तर तो हे वऱ्हाडीच आहे असं समजून 'बोलीचा वापर धाडसी वाटला' असं कळवतो. पीडीएफ करून पाठवल्यास या अभिप्रायाला मुकावं लागेल.

आता प्रत्यक्ष अभिप्राय. पहिली फेरी नागपुरात तर्री-पोह्यांवर होते, सहसा कस्तुरचंद पार्काच्या आसपास, आणि ती चुकवता येत नाही. तिथे मित्राला गोष्ट ऐकवायची असते. मित्र पहिल्या प्लेटला ऐकतो, दुसऱ्या प्लेटला मान डोलावतो आणि वर चहा झाला की म्हणतो, "जमते ना भाऊ! मस्त जमते." हा अभिप्राय खोटा नसतो. त्याला पोहे जमलेले असतात. पैसे आपण देणार आहोत हे त्याला सुरुवातीपासून ठाऊक असतं, आणि ज्याची तर्री खाल्ली त्याच्या दुसऱ्या अंकाला नावं ठेवण्याइतका नागपूरचा माणूस कृतघ्न नाही. क्वचित एखादा विचारतो, "पण काहून बे, तो पोरगा घर सोडून जातेच कायले?" अशा मित्राला पुन्हा बोलावू नये असं मन म्हणेल. सगळ्या फेरीत कामाचं तेवढं एकच वाक्य होतं, म्हणून ते लगेच वहीत लिहून घ्यावं आणि तिसरी प्लेट त्याला सांगावी.

ज्यांनी संहिता घरी नेली ते काय बोलतात, त्याचा उलगडा असा. 'लोकेशन छान घेतलंय' म्हणजे चार पानं वाचून झाली. 'शेवट बदल' म्हणजे फक्त शेवट वाचला. 'यावर वेब सिरीज व्हायला पाहिजे' म्हणजे फार लांब आहे. 'नाव काय ठेवलंस?' म्हणजे नाव पहिल्याच पानावर आहे आणि तेही वाचलेलं नाही. 'निवांत बसून बोलू' याचा अर्थ मे महिन्यात एक होतो आणि डिसेंबरात दुसरा. मे महिन्यात माणूस खरोखरच बाहेर पडू शकत नसतो.

दुसरी फेरी ओळखीची. राजकुमार हिरानी जन्माने नागपूरचे, त्यांच्या वडिलांचं इथे टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. त्यामुळे शहरातल्या प्रत्येक मध्यमवयीन काकांचा हिरानींशी परिचय आहे. कुणी त्या इन्स्टिट्यूटमध्ये टायपिंग शिकलं, कुणाचा साडू शिकला, कुणी नुसतं समोरून सायकलने गेलं. आपण पटकथा लिहिल्याचं कळताच हे काका म्हणतात, "आपल्या राजूले दाखव ना!" दाखवायची कुठे, हे सांगत नाहीत. या सूचनेत एक बारीकसा तपशील नेहमी गाळलेला असतो : 'मुन्नाभाई एम.बी.बी.एस.' 2003 साली आला. त्याआधी हा माणूस पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकला आणि पुढे कित्येक वर्षं जाहिरातींच्या व चित्रपटांच्या संकलनात होता. दुसऱ्यांनी चित्रित केलेलं कापणं हे त्याचं कामच होतं. स्वतःच्या पटकथेला कात्री कशी लावायची हे अशा माणसाला काकांकडून शिकावं लागत नाही. आपल्याला लागतं, आणि काका ते शिकवत नाहीत.

तिसरी फेरी नाटकवाल्यांची, आणि ती गंभीरपणे घ्यावी. राज्य नाट्य स्पर्धेत तपश्चर्या केलेली मंडळी इथे भरपूर आहेत, आणि संहिता हातात धरायची कशी हे त्यांना कळतं. मात्र ते आपली पटकथा मोठ्याने वाचतात. त्यामुळे जिथे नायिका काही न बोलता गॅस बंद करते तिथे त्यांना 'इथे काहीतरी स्वगत पाहिजे' असं वाटतं. त्यांची सूचना ऐकावी, स्वगत घालू नये.

याच शहरात एका लेखकाला खरा अभिप्राय कसा मिळाला, हे सांगायला हवं, कारण त्याची पद्धत आता कुणाला परवडत नाही. महेश एलकुंचवार नागपुरात इंग्रजी शिकवत होते. त्यांची 'सुलतान' ही एकांकिका 1967 साली 'सत्यकथा' मासिकात छापून आली. 'सत्यकथा'कडे मजकूर पाठवायचा म्हणजे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या नजरेखालून जायचं. पसंत पडलेला मजकूरसुद्धा पुन्हा लिहायला लावणारी ती माणसं. छापलेली एकांकिका मुंबईत दिग्दर्शक विजया मेहतांनी वाचली आणि 'रंगायन' या नाट्यसंस्थेतर्फे 'सुलतान' आणि एलकुंचवारांचीच 'होळी' रंगमंचावर आणल्या. पुढे 1984 च्या सुमारास हीच 'होळी' 'होली' म्हणून केतन मेहतांकडून आणि त्यांची 'पार्टी' गोविंद निहलानींकडून पडद्यावर आली. या साखळीत प्रत्येक वाचणाऱ्याला वाचून काहीतरी ठरवायचं होतं, आणि कुणालाही पोहे मिळाले नव्हते. 'सत्यकथा' 1982 साली बंद पडली. तेव्हापासून वाचून परत पाठवणारे कमी झाले आणि न वाचता 'भारी' म्हणणारे वाढले.

आता चोरीची भीती. नागपूरचा पटकथाकार अभिप्राय मागायला जातो आणि संहिता देत नाही, हे दृश्य नेहमीचं आहे. तो म्हणतो, "आयडिया सांगतो, स्क्रिप्ट नाही देत." कायद्याने हे बरोबर उलटं आहे. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली सांगून टाकलं की कल्पनेवर, विषयावर कुणाचा स्वामित्वहक्क नसतो, ती ज्या रूपात मांडली त्या मांडणीवर असतो. आनंद यांनी 'हम हिंदुस्थानी' हे आपलं नाटक दिग्दर्शकाला ऐकवलं होतं, मग 'न्यू देहली' हा चित्रपट आला, विषय दोन्हींत प्रांताभिमानाचाच. तरी आनंद हरले. तेव्हा पोह्यांवर फुकट वाटली ती आयडिया, जिला संरक्षणच नाही. आणि कपाटात कुलूप लावून ठेवली ती संहिता, जिला आहे. काही जण स्वतःलाच टपालाने प्रत पाठवून पाकीट न फोडता ठेवतात. त्यातून टपाल खात्याला उत्पन्न मिळतं, बाकी विशेष काही सिद्ध होत नाही. त्यापेक्षा मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन ऑनलाइन नोंदणी करावी, किंवा सरळ कॉपीराइट कार्यालयात. फक्त नोंदणी झाल्यावर 'असोसिएशनने स्क्रिप्ट पास केली' असं नातेवाइकांत सांगू नये. तिथे तारीख पडते, कथा कशी आहे ते कुणी बघत नाही. कोऱ्या डोक्याने लिहिलेली पटकथाही तितक्याच आदराने नोंदवली जाते.

इथवर आलात तर मुंबईची फेरी. रात्रीच्या दुरांतोने जावं, सकाळी उतरावं, अंधेरीत थांबावं. तिथे संहिता वाचत नाहीत, ऐकतात. त्याला नॅरेशन म्हणतात. आपण दोन तास ऐकवायचं, समोरच्याने फोन पालथा ठेवायचा, आणि तो दर दहा मिनिटांनी सुलटा करायचा. शेवटी विदर्भातल्या लेखकाला विचारले जाणारे प्रश्न ठरलेले आहेत. तयारीसाठी देत आहे. "विदर्भ आहे, मग शेतकरी आत्महत्या कुठे येते?" आपली गोष्ट सदरमधल्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्याची असली तरी हा प्रश्न येतो. 2022 नंतर त्यात "म्हणजे 'झुंड'सारखं का?" हा आणखी एक वाढला. नागराज मंजुळेंनी विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलवरून स्फूर्ती घेऊन, नागपुरात येऊन, इथलीच पोरं घेऊन चित्रपट केला. आता फुटाळ्यावर कुणी नुसता उभा राहिला तरी त्याने चेंडूला लाथ मारावी अशी अपेक्षा असते. आणि तिसरा, सगळ्यांत प्रेमळ अभिप्राय : "भाषा गोड आहे हं. ही आपण नायकाच्या मित्राला देऊ." नायक रडणार असेल तर त्याने पुणेरी मराठीत रडावं, वऱ्हाडीत फक्त हसवावं, असा तो नियम आहे. याला अभिप्राय समजू नये. हे हवामान आहे. त्यात ओलं व्हावं, परत यावं, पान बदलू नये.

परदेशाचं थोडक्यात. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल' या मराठी चित्रपटाला 2020 साली व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि त्यांचे मार्गदर्शक होते दिग्दर्शक अल्फॉन्सो कुआरोन. यावरून कुआरोन यांचा ई-मेल शोधत बसू नये. तो योग रोलेक्सच्या एका उपक्रमातून आला, आणि तोवर ताम्हाणेंच्या नावावर 'कोर्ट' होता. आपल्यासाठी राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची, म्हणजे एनएफडीसीची, पटकथा कार्यशाळा बरी. तिथे अर्ज करता येतो, मोजक्याच संहिता घेतात, अनुभवी लोक बसून कापतात. 'लिपस्टिक अंडर माय बुरखा' तिथून पुढे आला. नकार आला तर तो नागपूरवर अन्याय म्हणून जाहीर करावा, विदर्भाच्या अनुशेषात आणखी एकाची भर पडेल.

पैसे घेऊन संहिता तपासणारेही आता बरेच झाले आहेत. निवड अशी करावी. जो 'मी निर्मात्यापर्यंत पोहोचवतो' म्हणेल, त्याला पैसे देऊ नयेत; तो वाचक नाही, दलाल आहे, आणि बहुधा दलालही नाही. जो फोनवर बोलेन म्हणेल, त्याच्याकडून लेखी मागावं. किती पानी टिपण, किती दिवसांत, सुधारलेला ड्राफ्ट पुन्हा वाचणार की नाही, हे आधी ठरवावं. त्याची स्वतःची एखादी गोष्ट पडद्यावर गेली आहे का ते बघावं. टिपण आल्यावर पहिल्या दिवशी उत्तर लिहू नये, ते फार उत्कृष्ट होतं. 'चाळिसाव्या पानावर कंटाळलो' हे तो सांगतो तेव्हा विश्वास ठेवावा, कारण कंटाळा त्याला आला आहे आणि त्यावर वाद घालता येत नाही. 'म्हणून तिथे नायकाला पोलिसात भरती करा' हे म्हणतो तेव्हा ठेवू नये. दुखतं कुठे ते वाचकाला कळतं; औषध आपल्यालाच शोधावं लागतं, आणि बऱ्याचदा ते चाळिसाव्या पानावर नसतं, बाराव्यावर असतं.

आणि हे सगळं महाग वाटलं तर दिवाळी उलटल्यावर वडशाची बस धरावी. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, उतरावं. धानाची कापणी झालेली असते, मंडई नि शंकरपट सुरू असतात, आणि गावोगावी मांडव टाकून रात्री दहानंतर सुरू होणारं नाटक उजाडेपर्यंत चालतं. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. शहरातल्या समीक्षकाने नाक मुरडावं असं तिथे बरंच असतं : भडक प्रवेश, मध्येच घुसलेलं नृत्य, दोन पानांचा आक्रोश. पण पाय दुमडून बसलेला प्रेक्षक तिकीट काढून आलेला असतो, थंडीत आलेला असतो, आणि पहाटे तीनला तो जागा आहे की घोंगडीत शिरला आहे हे मांडवाच्या कडेला उभं राहून दिसतं. लेखकाला कळवायला त्याला फॉर्म भरावा लागत नाही. त्याने उठून चहाच्या टपरीवर जाणं हे टिपण आहे, आणि कुठल्या प्रवेशाला गेला ते लिहून घेतलं की ते लेखी टिपणही झालं. आपल्या संहितेतला तसाच एक प्रवेश त्या रात्री आठवतो. तो परत आल्यावर कापावा.

शेवटी मानधनाबाबत. नागपुरात पटकथा वाचून देणाऱ्याला पैसे देण्याची पद्धत नाही. म्हणूनच इथे सगळ्या पटकथा चांगल्या असतात. ही पद्धत आपल्यापासून सुरू करावी. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती वाचण्याआधी द्यावी, आणि पोह्यांचे पैसे त्यातून कापू नयेत.