नवशिक्यांसाठी वंशावळ: आधी तलवार खाली ठेवा

महाड-पोलादपूरकडच्या घरात वंशावळ शोधायची टूम निघते तेव्हा पूर्वजाच्या हातात तलवार आधीच दिलेली असते. दोष तरी कुणाला द्यायचा? रायगड शेजारी, प्रतापगड डोक्यावर, तानाजीचं उमरठ पोलादपुरात. आडनाव मोरे असलं की माणूस थेट जावळीच्या चंद्ररावापाशी जाऊन बसतो. मालुसऱ्यांचं तर बोलायलाच नको. मधल्या दहा-बारा पिढ्यांनी काय केलं, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

तर नवशिक्याने तलवार खाली ठेवावी आणि वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकवणारा, मिठा-तेलासाठी महाडच्या पेठेत उतरणारा, बऱ्यापैकी कर्जबाजारी माणूस शोधायला निघावं. तो सापडण्याची शक्यता बरी असते. त्याने स्वतः काहीच लिहून ठेवलेलं नसतं, पण त्याच्याकडून ज्यांना येणं होतं त्यांनी ठेवलेलं असतं.

गावी शिमग्यात जावं. पालखी आधी कुणाच्या दारात थांबते, पहिला नारळ कुणाचा, यावरून थोरलं घर कोणतं आणि धाकटं कोणतं ते कळतं. मानावरून भांडण लागलंच तर उत्तम: दोन्ही बाजू आपापल्या चार पिढ्या मोठ्या आवाजात म्हणून दाखवतात, तुम्ही फक्त लिहून घ्यायचं. मात्र चुलत्यांना पणजोबांचं नाव पहिल्याच दिवशी विचारू नये. मुंबईहून आलेल्या पुतण्याने पणजोबा काढला की चुलत्याला समोर सातबारा दिसू लागतो. आधी मुंबई-गोवा महामार्गाचा विषय काढावा. तासभर निर्धास्त जातो. मग हळूच.

आता दप्तर. मोबाइलवर दिसणारा सातबारा पाहून हुरळू नये, तो कालचा आहे. जुने फेरफार, कडईपत्रक आणि जन्ममृत्यूचा गाव नमुना १४ मागावा. पोलादपूरकरांनी महाडला जायची तयारी ठेवावी, कारण इंग्रजी अमदानीत पोलादपूर महाड तालुक्यातच होतं. जिल्ह्याच्या नावाला ‘कुलाबा’ दिसलं तर कागद चुकीचा समजून परत करू नये. रायगड हे नाव १९८१ पासूनचं.

इथे बहुतेकांचा हिरमोड होतो. गाव खोतीचं असेल तर जमिनीपुढे नाव खोताचं. आपला माणूस सापडतो तो कुळ म्हणून. नाक मुरडू नये. आयर्लंडमध्ये १९२२ साली यादवीत डब्लिनचा सरकारी दफ्तरखाना जळाला, जुन्या शिरगणत्यांचे कागदही त्यात गेले. तिथले लोक आज आपले शेतकरी आणि दुकानदार पूर्वज शोधतात ते करआकारणीच्या यादीत, कोण कुणाची जमीन कसतो त्या रकान्यात. म्हणजे कुळाच्याच रकान्यात. आपल्याकडे खोती मोडण्याचा कायदा १९४९ चा, कुळं मालक व्हायचा दिवस १ एप्रिल १९५७. त्यानंतरचे कूळकायद्याच्या कलम ३२-ग खालचे निकाल मिळाले तर सोडू नयेत. पणजोबा कोणता तुकडा कसत होते आणि त्यासाठी किती रुपये भरायचे ठरले, सगळं त्यात असतं.

महार वतनाचे कागद निराळे असतात. ती वतनं १९५८ च्या कायद्याने गेली. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर कुणाच्या घरचं कोण गेलं होतं, हे मात्र घरच्या म्हाताऱ्यांनाच विचारावं लागतं.

जुने कागद बहुतेक मोडीत. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला, तेव्हा त्याला चहा पाजूनच बोलावं. तो वाचेल ‘राघू बिन धोंडू’. आडनाव नाही. गावात राघू सहा आणि धोंडू आठ. अशा वेळी माणूस न शोधता शेत शोधावं. माणसांची नावं फिरून फिरून तीच येतात, शेताचं नाव सहसा बदलत नाही.

पूर्वज दुकानदार असेल तर काम सोपं, असं वाटतं. सावित्रीत भरतीबरोबर गलबतं महाडपर्यंत यायची, घाटावरचा माल वरंध्यातून खाली उतरायचा, पेठ चालायची. रोजमेळ, खतावणी, सगळं लिहिलेलं, वर दर दिवाळीला पुजलेलं. पण ज्या नदीने दुकान दिलं तिनेच २००५ आणि २०२१ साली बाजारात शिरून हिशोब ओला केला. म्हणून शेठना पहिला प्रश्न एकच: वह्या माळ्यावर होत्या का? होत्या म्हणाले तर बसून घ्यावं. आपल्या खापरपणजोबांच्या नावावर बाकी निघाली तर व्याजाचा विषय आपण काढू नये.

एवढं जमल्यावर झाड काढायला घ्याल आणि लक्षात येईल की त्यात बाई एकही नाही. फार तर ‘गंगू भ्रतार सखाराम’, तीही विधवा झाल्यावर. आत्यांची नावं पहिल्यांदा पुरती लिहिलेली दिसतात ती हक्कसोडपत्रात, अंगठ्याच्या शेजारी. तेव्हा झाडाची पहिली प्रत घेऊन आधी आत्याकडे जावं. तिला चुलत्यांपेक्षा जास्त नावं माहीत असतात. सही मात्र कशावरही मागू नये.