डब्यात डबा: एक पुरातत्त्वीय टिपण

सहलीला नेलेल्या पिशवीकडे अभ्यासकांनी आजवर ढुंकूनही पाहिलेले नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी मुलुंड, घाटकोपर, अंधेरी आणि बोरिवली येथील मित्रमंडळाने नालासोपारा-अर्नाळा मार्गावर वाहिलेली पिशवी येथे तपासली आहे.

सर्वांत बाहेर साडीच्या दुकानाची कापडी पिशवी. तिच्यात स्टीलचा डबा, डब्यात पोळ्या, पोळ्यांच्या मधोमध डबी आणि डबीत लसणाची चटणी. हा रचनाप्रकार फक्त मुलुंडकरांत आढळतो. घाटकोपरकर आयते फरसाण उचलतो, अंधेरीकर वेफर्स. बोरिवलीकर काहीच आणत नाही. गाडी आपल्याच दारावरून जाते, हे त्याला पुरेसे योगदान वाटते. भाईंदरची खाडी लागली की वेफर्सचे पाकीट फुटते, या नियमाला अपवाद नोंदलेला नाही.

याच मार्गावरच्या सोपाऱ्याला बुरुड राजाच्या कोटातला स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये उकरला. आत दगडी पेटी, तिच्यात आठ कांस्य बुद्धमूर्तींच्या मधोमध तांब्याचा करंडक. त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याच्या खापऱ्या निघाल्या, बुद्धाच्या भिक्षापात्राच्या मानलेल्या. म्हणजे सगळे उघडून शेवटी हाती आले ते जेवणाचेच भांडे! आपली पद्धत सोपाऱ्याचीच, असा मुलुंडकराचा दावा आहे. पंडितजींना मात्र चटणी मिळाली नाही, एवढे नोंदवून आम्ही तो मान्य करतो.

येथेच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. पूर्वीचे राजे मौजेच्या विहारयात्रांना जात, आपण धर्मयात्रा सुरू केल्या, असे त्या लेखात सम्राट सांगतो. मित्रमंडळाचा क्रम नेमका उलटा: स्तूपापर्यंत धर्मयात्रा, रिक्षा मिळताच विहारयात्रा. त्यातही स्तूपाला जेमतेम एक फेरी घातली गेली, आणि तीही कुठे बसायचे हे शोधत.

अर्नाळ्याचा किल्ला बेटावर आहे. 1737 मध्ये तो मराठ्यांकडे आला. त्याचा अभ्यास मंडळाने किनाऱ्यावरूनच, जेवता जेवता केला. होडीला गर्दी होती, हे कारण तूर्त ग्राह्य धरावे.

पुढील संशोधकांस एकच विनंती. अर्नाळ्याला डबी उघडताना वाऱ्याकडे पाठ करून बसावे. चटणीतली वाळू निवडता येत नाही.