तपासणी पूर्ण

इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलमध्ये 2019 साली ‘व्हीएआर’, म्हणजे व्हिडिओ पाहून पंचांचे निर्णय तपासणारा सहायक पंच, आला, तेव्हापासून गोल झाला की लगेच ओरडायची सोय राहिली नाही. आधी कानाला बोट लावून उभ्या असलेल्या पंचांकडे बघायचं. मग दूर कुठेतरी पडद्यासमोर बसलेली मंडळी खेळाडूच्या काखेतून जाणारी ऑफसाइडची रेघ तपासेपर्यंत थांबायचं. तोवर शेजाऱ्याला मारलेली मिठी सोडावी की तशीच धरून ठेवावी, हेही कळत नाही.

30 सप्टेंबर 2023 रोजी लिव्हरपूलच्या लुइस दियाझने टॉटनहॅमवर गोल केला. मैदानावर ऑफसाइड दिला गेला. पडद्यावाल्यांनी पाहिलं, दियाझ ऑनसाइड होता. पण गोल दिलेलाच आहे, अशा समजुतीत त्यांनी ‘तपासणी पूर्ण’ कळवून टाकलं! चूक उमगली तेव्हा खेळ पुन्हा सुरू झाला होता, आणि तो थांबवायची नियमात तरतूद नाही म्हणे. लिव्हरपूल 2-1 हरलं. कबुली आली ती सामना संपल्यावर, वरातीमागून घोडं.

‘व्हीएआर’ हे प्रकरणच बंद करा, असा वुल्व्हज या क्लबचा ठराव पुढच्या जूनमध्ये मतदानाला आला. वीस क्लबांनी मतं दिली. विरोधात 19, बाजूने 1. हा निकाल मात्र पडद्यावर तपासावा लागला नाही.