कोरलवाले भाऊ

वाढदिवसाचा फ्लेक्स असो, लग्नपत्रिका असो की कृषी केंद्राचं बिलबुक, पाचोऱ्यातला माणूस शेवटी कोरलवाल्या भाऊंच्या गाळ्यात येऊन बसतो. असे भाऊ खानदेशातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. डावा हात कीबोर्डवर, उजवा माउसवर, आणि समोरचा चहा कायम गार.

कोरल म्हणजे कोरलड्रॉ, संगणकावर चित्रं आणि अक्षरं मांडायचं सॉफ्टवेअर. कॅनडातल्या ओटावाच्या कंपनीनं ते 1989 साली बाजारात आणलं. पुढं आवृत्त्यांमागून आवृत्त्या आल्या, पण भाऊ 2006च्या एक्स-थ्रीवरून हललेले नाहीत. पाचोरा-जामनेर धावणारी छोटी पीजे गाडी कोरोनात थांबली ती थांबलीच. एक्स-थ्री मात्र अजून धावते. नवीन का घेत नाही, असं विचारलं की म्हणतात, "यात रंग भरत नाही का भो?"

रंग भरणं हे कोरलमधलं सगळ्यात सोपं काम. पडद्याच्या उजव्या कडेला रंगांची पट्टी. डावी क्लिक केली की आकाराच्या पोटात रंग, उजवी केली की कडेच्या रेघेला, आणि पट्टीवरच्या फुलीवर केली की रंग गायब. हे शिकायला एक सकाळ पुरते. पुढचा जन्म जातो तो रंग का भरत नाही हे शोधण्यात. रेघेची दोन टोकं कुठं तरी जुळलेली नसतात, केसाएवढी फट असते, आणि कोरल रंग आत घ्यायला साफ नकार देतं. मग भाऊ चित्र इतकं मोठं करतात की गणपतीचं नखसुद्धा सबंध पडदा व्यापतं. सुटलेली टोकं, म्हणजे नोड, सापडतात, जुळतात, भसकन रंग भरतो. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला भाऊ समजावतात, "आप्पा, वाफ्याचं तोंड उघडं राहिलं तर पाणी थांबीन का?" आप्पांना कोरल तिथंच कळतं.

गिऱ्हाइकाला मात्र कळत नाही. त्याला कोणता रंग हवा हे ठाऊक नसतं, कोणता नको हे पक्कं ठाऊक असतं. "असा नको भाऊ, जरा भारी करजो." भाऊ एफ-इलेव्हन दाबतात. पिवळ्यातून केशरी, केशरीतून लाल असा उतरता रंग भरला की गिऱ्हाईक खूश. हा सूर्योदय दुकानाच्या उद्घाटनाला चालतो, साखरपुड्याला चालतो, आणि भावपूर्ण श्रद्धांजलीलाही चालतो. वारलेल्या माणसाच्या पाठीमागं किरणं फाकलेली पाहून घरच्यांना बरंच वाटतं.

भाऊंना स्वतःचा पक्ष नाही. त्यांच्याकडं सगळ्यांचे पक्ष फाइलमध्ये आहेत. भगवा म्हणजे साठ टक्के मॅजेंटा आणि शंभर टक्के पिवळा, असं ते झोपेतही सांगतील. पण प्रत्येक कार्यकर्त्याला शेजारच्यापेक्षा वेगळा भगवा हवा असतो, म्हणून मॅजेंटा पाच टक्क्यांनी इकडंतिकडं सरकवत राहावा लागतो. एखाद्या नेत्यानं पक्ष बदलला, तर वर्तमानपत्राआधी भाऊंना कळतं. एडिटमध्ये फाइंड अँड रिप्लेस आहे: जुना रंग सांगायचा, नवा सांगायचा, झालं. फोटो तोच, हात जोडलेले तेच, हसणंही तेच. पक्षांतराची इतकी स्वस्त सोय विधिमंडळातही नसेल.

भांडण होतं ते छपाई झाल्यावर. "मोबाइलमध्ये लालभडक होता, हा विटकरी कसा आला?" मोबाइलचा पडदा लाल, हिरव्या, निळ्या उजेडानं रंग दाखवतो, छपाईत निळसर, मॅजेंटा, पिवळी, काळी अशा चार शाया असतात. उजेडाचे सगळेच झगमगीत रंग शाईला जमत नाहीत. भाऊंनी हे पूर्वी समजावून पाहिलं. आता ते एवढंच म्हणतात, "चौकात लागला की ऊन पडल्यावर उठून दिसीन." गिऱ्हाईक पैसे देऊन जातं.

माझं मत विचाराल तर गावाच्या चौकाचं रूप नगरपालिकेपेक्षा या माणसाच्या हातात जास्त आहे, आणि त्याला त्याची मजुरी फारच थोडी मिळते. तेव्हा पाचोऱ्यात काही छापायचं असेल, तर एवढं करा: व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दबून बारीक होतो आणि फ्लेक्सवर चेहरा फुटतो. रंग कोणता हवा ते घरून ठरवून या. आणि मजुरी आगाऊ द्या.