मानद अर्थिंग पाहिजे

प्लायवूडची पेटी, जुना मॉनिटर आणि दोन जॉयस्टिक जोडून घरच्या घरी व्हिडिओ गेमचं यंत्र उभं करणाऱ्या किनाऱ्यावरच्या एडवण गावातल्या हौशी कारागिरांचं कौतुक करावं तेवढं थोडं. याच किनाऱ्यावर उत्तरेला तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. घरगुती विजेचं संशोधन मात्र इथे पडवीतच चालतं.

भिंतीतल्या बोर्डाला दोनच भोकं, म्हणून प्लगची तिसरी, अर्थिंगची, सर्वांत जाड आणि लांब पिन करवतीने कापली जाते. कंपनीने ती निव्वळ शोभेसाठी दिलेली असणार. पावसाळ्यात दमट हवेमुळे वस्तूंवर ओलावा धरतो आणि स्थिर विजेचा भार त्यातून परस्पर ओसरतो. म्हणजे चार महिने अर्थिंगचा ठेका अरबी समुद्राकडे. हिवाळ्यात कोरडा वारा सुटतो, नायलॉनचा टी-शर्ट रेक्झिनच्या स्टुलावर घासतो आणि नाण्याच्या झडपेला बोट लागताच चट्‌! तीन-चार हजार व्होल्ट, तेही मीटर न फिरता. खेळ रिसेट, स्कोअर शून्य. नम्रतेचं शिक्षण याहून स्वस्तात कुठे मिळणार?

काही नतद्रष्ट सांगतात, की झडप, जॉयस्टिकची पट्टी आणि आतला लोखंडी सांगाडा तांब्याच्या तारेने अर्थिंगला जोडा. इतका खर्च कशाला? ओल्या जमिनीवर एक अनवाणी मुलगा उभा करावा, एक हात झडपेवर. मानधन : दिवसाला एक गेम फुकट.

पद कंत्राटी आहे. पेटीत खरी वीजगळती झाली, की आपोआप रिक्त होतं.

कापलेली पिन मात्र जपून ठेवा. पंचनाम्याला लागते.