विषय : शत्रू वैमानिकासही चक्कर येणेबाबत

प्रति,
मा. शत्रू वैमानिक (संगणकचलित),
मु. पो. इंग्लिश खाडीवरचं आकाश, उंची सुमारे १५,००० फूट.

संदर्भ : आपण अर्जदाराची वेळोवेळी पाडलेली विमानं.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, अर्जदार हा घाटावरच्या चिखलीचा, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा, येथील कायमचा रहिवासी आहे. त्याच्या गावाला विमानतळ नाही, ही तक्रार नाही. गावाला रेल्वेही नाही. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासून चालू आहे, आणि गाडी पकडायची तर आजही घाट उतरून मलकापूर किंवा शेगाव गाठावं लागतं, नाही तर दुसऱ्या अंगाला जालना. प्रवासी विमान हवं तर छत्रपती संभाजीनगर, शंभराहून जास्त किलोमीटरवर. अशा गावातून अर्जदार रोज रात्री संगणकावरच्या खेळात दक्षिण इंग्लंडमधल्या एका गवती धावपट्टीवरून स्पिटफायर घेऊन उडतो आणि आपण त्याला पाडता. पाडण्याबद्दलही तक्रार नाही. कसं पाडता, याबद्दल आहे.

अर्जदाराची जमात तशी जुनी. मायक्रोसॉफ्टचा ‘कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर’ १९९८ साली आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘फाल्कन ४.०’. २००१ मध्ये मॉस्कोत तयार झालेला ‘आयएल-२ स्टुर्मोविक’ आला आणि या पंथातल्या कित्येकांच्या परीक्षा त्याने खाल्ल्या. तेव्हा संगणकाच्या मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीडींवर असल्या खेळांचे नमुने यायचे आणि कीबोर्डच्या बाणांवर विमानं उडायची, म्हणजे बहुतेक वेळा पडायची. २०१२ पासून ‘डीसीएस वर्ल्ड’ आहे. तो उतरवून घ्यायला पैसे लागत नाहीत, सोबत सुखोई-२५टी हे रशियन विमानही फुकट मिळतं. बाकीची बहुतेक विमानं मात्र एकेक करून विकत घ्यावी लागतात आणि त्यांच्या किमती घरात कुणी विचारल्या की अर्जदार विषय बदलतो.

नुसत्या गोळ्याच झाडायच्या असत्या तर मोबाईल पुरला असता. भारतीय हवाई दलानेच ३१ जुलै २०१९ रोजी ‘इंडियन एअर फोर्स : अ कट अबव्ह’ नावाचा मोबाईल खेळ आणला. त्यातल्या वैमानिकाच्या मिशा पाहून सगळ्यांना विंग कमांडर अभिनंदन वर्धमान आठवले होते. तिथे अंगठा सरकवला की विमान वळतं. अर्जदाराच्या पंथात तसं चालत नाही. ‘फाल्कन ४.०’बरोबर जवळजवळ ६०० पानांची पुस्तिका यायची आणि लोक ती खरोखर वाचायचे. डीसीएसमधलं एफ-१६ थंड अवस्थेतून सुरू करायचं तर बॅटरी, इंधन, इंजिन अशी बटणं क्रमाने दाबून झाल्यावर त्याच्या दिशादर्शक यंत्रणेला आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत हे उमजेपर्यंत सात-आठ मिनिटं थांबावं लागतं. खेळातली सात-आठ मिनिटं म्हणजे घड्याळातलीही तेवढीच. तेवढ्यात चहा होतो. ज्याला या थांबण्यात मजा वाटते तोच पुढे टिकतो.

खरी मजा विमानाच्या खोडी ओळखण्यात आहे. १९४० सालची स्पिटफायर घ्या. तिच्या मर्लिन इंजिनाचा कार्बोरेटर तरंगत्या फ्लोटचा. नाक झटकन खाली दाबलं की कार्बोरेटरमधलं पेट्रोल वर उसळतं, इंजिन खोकतं आणि क्षणभर बंद पडल्यासारखं होतं. आपल्या मेसर्श्मिट १०९च्या इंजिनात पेट्रोल थेट फवारलं जातं, त्यामुळे आपण खुशाल नाक दाबून खाली सटकता. त्या काळचे इंग्रज वैमानिक यावर उपाय म्हणून आधी विमान उलटं करायचे आणि मग खेचून सूर मारायचे, म्हणजे पेट्रोल जागच्या जागी राहायचं. १९४१ मध्ये फार्नबरोच्या संशोधन संस्थेतल्या बिअॅट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी एक भोकाची छोटीशी धातूची चकती बसवून हा दोष बराच आटोक्यात आणला. या बाई मोटरसायकलच्या शर्यतीही जिंकायच्या. सिम्युलेटरमध्ये ही खोड जशीच्या तशी आहे. अर्जदाराने हे आधी पुस्तकात वाचलं नाही. आपला पाठलाग करताना कानातल्या हेडफोनमध्ये इंजिनाचा ठसका ऐकला, आपण निसटलात, आणि मग त्याने शोधून वाचलं. इतिहास असा शिकवणारी शाळा चिखलीत दुसरी नाही.

आता मूळ तक्रारीकडे.

विमान जोरात वळवलं की वैमानिकाच्या अंगावर त्याच्याच वजनाच्या पटीत भार येतो. ५ जीच्या वळणात ७० किलोचा माणूस ३५० किलोचा होतो, म्हणजे सोयाबीनचे पाच-सहा कट्टे अंगावर. रक्त पायाकडे उतरतं, आधी रंग जातात, मग दृष्टी चोहोबाजूंनी आवळत जाते आणि शेवटी अंधार होतो. १९४० सालच्या वैमानिकाकडे हा भार सोसायला आजच्यासारखा जी-सूटही नव्हता. खेळ हे सगळं प्रामाणिकपणे दाखवतो. अर्जदाराचा पडदा करडा होतो, मग काळा. तो काठी सैल सोडतो. उजेड परततो तेव्हा आपण त्याच्या शेपटीमागे असता, अगदी ताजेतवाने. अनेक खेळांत आपल्या अंगात रक्तच नसतं. आपलं इंजिन तापत नाही. आपण ढगाच्या पलीकडचं पाहता. ओस्वाल्ड बोएल्के या जर्मन वैमानिकाने १९१६ साली हवाई लढाईचे नियम लिहून ठेवले, त्यांत हल्ला करताना सूर्य पाठीशी ठेवावा असं आहे. अर्जदार दहा मिनिटं चढण चढून, हिशेब करून सूर्य पाठीशी घेतो. आपले डोळे दिपतच नाहीत. आपले बंधू, हाइनकेल १११ बाँबरचे मागचे गोलंदाज, यांचाही इथेच उल्लेख करावा लागेल. त्यांची मशीनगन ७५ गोळ्यांच्या डब्यावर चालते, विमान हिंदकळत असतं, आणि तरी त्यांची पहिलीच गोळी अर्जदाराच्या रेडिएटरमध्ये जाते.

असं का होतं, तेही अर्जदाराने समजून घेतलं आहे, कारण हरलेल्या माणसाला वाचायला वेळ असतो. आकाशातल्या वीस विमानांचं हवेचं पूर्ण गणित दर क्षणाला मांडायचं तर प्रोसेसरचा घाम निघतो. म्हणून पूर्ण गणित खेळाडूच्या विमानाला लावायचं आणि आपलं विमान सोप्या गणितावर चालवायचं, अशी सोय पुष्कळ खेळांत केलेली असते. नजरेचंही तेच. आपण मुळात पाहतच नाही. अर्जदाराचं विमान कुठे आहे हे आकडे संगणकाला आधीच ठाऊक असतात. आपल्याला पाहायला शिकवावं लागत नाही, न पाहायला शिकवावं लागतं. मध्ये ढग असेल तर विसर, सूर्य समोर असेल तर डोळे मीट, मान जितकी वळेल तितकंच बघ, दमलास तर चूक कर. शत्रूला हुशार करणं सोपं आहे, माणसाइतका अडाणी करणं महाकठीण. नव्या खेळांत त्यावर बरंच काम झालं आहे, हे अर्जदार मान्य करतो. तरी आपल्यातल्या काहींना अजून चक्कर आलेली त्याने पाहिलेली नाही.

उलट अर्जदाराला साधं मागे वळून पाहायचं तर काय करावं लागतं, ते पहा. डोकं वळवलं की खेळातली नजर वळावी यासाठीचं परदेशी यंत्र त्याला परवडलं नाही. मग एका जुन्या वेबकॅमच्या भिंगामागची अवरक्त किरणं अडवणारी काच काढून टाकली आणि तिच्या जागी फोटो स्टुडिओतून मागून आणलेला काळ्या निगेटिव्हचा तुकडा बसवला, म्हणजे साधा उजेड अडतो आणि अवरक्त तेवढा आत येतो. टोपीला तीन अवरक्त एलईडी लावले. त्यांचं सोल्डरिंग मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात झालं आणि हे कशासाठी, असं दुकानदाराने विचारल्यावर खरं सांगूनही त्याला खोटंच वाटलं. बाकीचं काम ‘ओपनट्रॅक’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर करतं. आता डोकं जरासं वळवलं की खेळातला वैमानिक पार शेपटीपर्यंत पाहतो. अर्थात डोळे पडद्यावरच खिळलेले ठेवावे लागतात, त्यामुळे मान एकीकडे आणि बुबुळं दुसरीकडे अशा अवस्थेत अर्जदार बसलेला असतो. पाहुणे आले की आई त्या खोलीचं दार ओढून घेते. जॉयस्टिकचीही तीच कथा. तिची मूठ पिळली की विमानाची शेपटी डावी-उजवी होते. मुठीच्या आतला पोटेन्शिओमीटर झिजला की नेम धरलेल्या क्षणीच विमान स्वतःहून अंग झटकतं. मग चार स्क्रू, कापसाचा बोळा, इलेक्ट्रिकलच्या दुकानातला कॉन्टॅक्ट क्लीनर, आणि पुढचा काही काळ तरी शांतता.

आपल्याऐवजी माणसांशीच लढावं, असा सल्ला आपण द्याल. अर्जदाराने तेही केलं. माणसांना चक्कर येते, माणसं घाबरतात, माणसं आपल्याच साथीदाराला पाडून माफी मागतात, हे फार सुखाचं असतं. पण ती माणसं युरोपातल्या सर्व्हरवर आणि अर्जदार चिखलीत. निरोप जाऊन परत यायला दीडशे मिलिसेकंद धरले तर ताशी ९०० किलोमीटरने चाललेलं जेट तेवढ्यात ३७ मीटर पुढे जातं. मिग-२१ची लांबी १५ मीटरच्या आसपास. म्हणजे अर्जदार ज्या विमानावर गोळी झाडतो ते तिथून दोन विमानं पुढे गेलेलं असतं. त्यात ऑनलाइन लढाई थांबवता येत नाही, हे घरी पटवून देणं अजून जमलेलं नाही. ‘‘उतरव ते इमान अन् जेवाले चाल,’’ एवढाच आदेश स्वयंपाकघरातून येतो. विमान उतरवायला लागणारा वेळ आईच्या हिशेबात धरलेला नसतो. आणि वीज. ती नेमकी धावपट्टी समोर दिसू लागल्यावर जाते.

इतकं असूनही अर्जदार हे सोडत नाही, त्याचं एक कारण मिग-२१ आहे. हे विमान १९६३ साली भारतीय हवाई दलात आलं. ते इथेच बांधण्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला उभा राहिला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला त्याला निरोप दिला गेला. सिम्युलेटरमध्ये मात्र मिग-२१ बिस अजून सेवेत आहे. त्याचे त्रिकोणी पंख वेगात छान, पण वेग कमी झाला की हवा नीट धरत नाहीत, म्हणून ताशी ३०० किलोमीटरच्या वर वेग ठेवूनच धावपट्टीकडे यावं लागतं, नाक वर आणि पुढचं बरंचसं झाकलेलं. घाबरून इंजिनाचा जोर आधीच काढून घेतला की विमान दगडासारखं बसतं. हे एकदा नीट जमलं, चाकं टेकली, मागची छत्री उघडली आणि वेग उतरला, की त्या रात्री कुणी कितीही पाडलं तरी अर्जदाराला फरक पडत नाही. आपण या आनंदात कुठेच नसता, हे लक्षात घ्यावं.

दुसरं कारण लोणार. लढाऊ सिम्युलेटरांच्या नकाशांत कॉकेशस आहे, नॉर्मंडी आहे, सीरिया आहे, बुलढाणा जिल्हा नाही. म्हणून लढून कंटाळला की अर्जदार बिनशस्त्र ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ सुरू करतो. २०२० च्या आवृत्तीपासून त्यात उपग्रहचित्रांच्या आधाराने सगळी पृथ्वी आहे. चिखली ते लोणार सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर. जेटने साडेतीन मिनिटं लागतात, रस्त्याने जाणाऱ्याने वेळ विचारू नये. खाली जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचं ते उल्केने पाडलेलं गोल विवर सरकतं, आणि आपला पत्ता नसतो.

तरी अर्जदाराची मागणी अशी. एक : पाच-सहा जीच्या वळणात आपणांसही चक्कर यावी. दोन : ढगाआड आपणांस दिसू नये आणि सूर्याने आपलेही डोळे दिपावेत. तीन : आपलं इंजिनही तापावं. चार : हाइनकेलच्या गोलंदाजांचा नेम अधूनमधून चुकावा. आपण मुद्दाम हरावं, अशी मागणी अर्जदाराने कधीही केलेली नाही आणि पुढेही करणार नाही. या अटी पाळून आपण त्याला रोज पाडलंत तरी चालेल. याबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.

आपला,
वारंवार पॅराशूटने उतरणारा अर्जदार,
चिखली, जि. बुलढाणा.

प्रत माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी : असे खेळ बनवणारे सर्व अभियंते. त्यांनी नवीन विमान विकायला काढण्यापूर्वी जुन्या शत्रूचे डोळे तपासून घ्यावेत.